एक अंगाई आणि एक रद्द झालेलं पत्र

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ‘माझं आवडतं गाणं’ या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहिलं आहे.)

पुढे सतरंजीवर बसून ‘हे आजोबा केव्हा संपवतात आणि जेवण केव्हा सुरू होतं’ याची वाट पाहणाऱ्या बालमित्रांनो,

सांस्कृतिक समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे वेळ आणि रक्कम या दोन गोष्टींत मी गडबड करत नाही. पंधरा म्हणजे पंधरा.

माझ्या आधी बोललेल्यांनी नाट्यगीतं निवडली, भावगीतं निवडली, एकांनी तर थेट मारवा रागातली बंदिश निवडली. मला रागदारीतलं काही कळत नाही. मी निवडलेलं गाणं एका कौटुंबिक सिनेमातलं आहे, ते आहे ‘निंबोणीच्या झाडामागे’. अंगाई. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक छोटीशी हजेरी घेतो. हे गाणं ज्यांना माहीत आहे, त्यांनी हात वर करावेत.

(इथे जवळजवळ सगळ्यांचे हात वर झाले. सतरंजीवरचेसुद्धा.)

छान. आता ज्यांनी तो सिनेमा पाहिला आहे, त्यांनी हात वर करा.

(पाच हात. पाचही माझ्या वयाचे.)

बघा मंडळी, मला जे सांगायचं होतं त्यातलं अर्धं तुम्हीच सांगून टाकलंत. सिनेमाचं नाव ‘बाळा गाऊ कशी अंगाई’, साल १९७७, दिग्दर्शक कमलाकर तोरणे, नायिका आशा काळे. आम्ही तो नव्या नवलाईने तालुक्याच्या गावी पाहिला. माझं नुकतंच लग्न झालं होतं. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पत्नी, आणि दोघींचेही पदर डोळ्यांना. मध्ये मी, उद्याच्या कॅशची काळजी करत. सिनेमाची गोष्ट आज मला धड आठवत नाही. पण गाणं? ते आपल्या घरात केव्हा शिरलं आणि केव्हा घरचंच झालं, हे आपल्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. सिनेमा मागे राहिला आणि गाणं पुढे गेलं. असं का झालं असावं, याचा मी निवृत्तीनंतर फुरसतीत बराच विचार केला आहे. तो आपल्यापुढे मांडतो.

आधी ज्यांचं श्रेय त्यांना. गीत मधुसूदन कालेलकरांचं. मूळचे वेंगुर्ल्याचे, व्यवसायाने नाटककार. ‘दिवा जळू दे सारी रात’, ‘अपराध मीच केला’, ‘डार्लिंग डार्लिंग’ ही त्यांची नाटकं इथल्या ज्येष्ठांनी पाहिलेली असतील. संगीत एन. दत्ता यांचं, म्हणजे दत्ता नाईक, गोव्याचे. सचिनदेव बर्मन यांचे ते सहायक होते आणि पुढे हिंदीत त्यांनी स्वतःचं नाव केलं. कालेलकर आणि एन. दत्ता या जोडीने त्याआधी १९६९ च्या ‘अपराध’ सिनेमाचीही गाणी केली होती.

आणि आवाज सुमन कल्याणपूर यांचा. १९३७ साली ढाक्याला जन्म, लहानपणीच मुंबईत आल्या. ‘जब जब फूल खिले’, ‘ब्रह्मचारी’ या सिनेमांतली रफीसाहेबांबरोबरची त्यांची गाणी सगळ्यांनी ऐकलेली असतात, पण त्यांचा आवाज लताबाईंशी इतका मिळताजुळता, की रेडिओवर निवेदकाने नाव सांगितलं नाही तर आम्ही बिनदिक्कत ‘लता’ म्हणून मोकळे व्हायचो. २०२३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी! बँकेच्या भाषेत सांगायचं तर व्याज फार उशिरा जमा झालं. पण मराठी आयांनी त्यांचा हिशोब कधीच चुकता केला होता. तो रोज रात्री, घरोघरी होत होता.

आता गाणं का टिकलं. माझ्या मते पहिलं कारण हे, की ते नवीन होतं तेव्हाही जुनंच होतं. चांदोबा थकून निंबोणीच्या झाडामागे लपला की काय, असं विचारणारं बडबडगीत आपल्या आज्या-पणज्या म्हणत आल्या आहेत. कोणी लिहिलं कुणाला ठाऊक नाही. कालेलकरांनी तोच चंद्र घेतला, तेच झाड घेतलं. फक्त बडबडगीतातला चंद्र लपतो, आणि यांच्या गाण्यातला झोपतो. एवढाच काय तो बदल. त्यामुळे १९७७ साली थिएटरात बसलेल्या बाईला पहिल्याच ओळीला वाटलं असणार, हे तर आपलंच आहे. जुन्या खातेदाराला ओळखपत्र लागत नाही, तसं ते गाणं सरळ आत आलं. पुढे गोठ्यातली गाय, घरट्यातली चिमणी, परसातल्या वेली, सगळे झोपलेत. यातलं आपल्या इमारतीत काहीही नाही. परस नाही, गोठा नाही, चिमण्याही आता दिसत नाहीत. तरी पोरांना ते चित्र दिसतं. अंधारात डोळे मिटायला लागले की काँक्रीटमध्येही गोठा दिसतो.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. हे गाणं आपण कधी पूर्ण म्हणत नाही. आपल्या घरोघरी चालतं ते फक्त पहिलं कडवं. दुसऱ्या कडव्यात ती बाई सांगते, की मी या बाळाची देवकी नाही, माझ्या नशिबी यशोदा होणं आलं. म्हणजे मूल तिच्या पोटचं नाही. आणि शेवटच्या कडव्यात तर पाळणा रिकामा आहे. सिनेमाच्या नावातच ते दुःख आहे. कुठल्या बारशाला बायकांनी शेवटचं कडवं म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? पाळण्याशी ते कोण म्हणेल! आमच्या आईला तिन्ही कडवी पाठ होती, पण बारशाला पहिलं संपलं की ती पुन्हा पहिल्यावरच यायची. कुणी ठरवून कात्री लावली नाही. बायकांनी आपापल्या शहाणपणाने सिनेमाचं दुःख सिनेमाकडे ठेवलं आणि आपल्या कामाचं तेवढं घरी आणलं.

या यशोदेवरून एक सांगतो. एन. दत्तांनी संगीत दिलेले दोन हिंदी सिनेमे आहेत, दोन्ही यश चोप्रांचे. १९५९ चा ‘धूल का फूल’ आणि १९६१ चा ‘धर्मपुत्र’. पहिल्यात टाकून दिलेलं मूल एक मुसलमान गृहस्थ वाढवतो, दुसऱ्यात मुसलमान आईचं मूल हिंदू घरात वाढतं. हा योगायोग असेल, पण परक्याचं मूल उराशी धरणाऱ्यांसाठी या माणसाने तीनदा चाली लावल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरं कारण मला फार उशिरा कळलं, आणि ते या इमारतीत कळलं. म्हणून तर मी हे गाणं आज इथे निवडलं.

आपल्याला ताबा मिळाला २००० साली. जुन्या सभासदांना आठवत असेल, रात्री स्टेशनवरून रिक्षावाले इकडे यायला तयार नसायचे, पाणी टँकरचं होतं आणि सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखाली एक टेबल. मी २००१ साली बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तुम्ही मला लगेच सेक्रेटरी केलंत. मी बँकेची शिस्त आणली. आवक-जावक रजिस्टर, तक्रार वही, सगळं क्रमांकाने. मला त्याचा अभिमान होता, उगाच कशाला खोटं बोलू.

२००३ च्या पावसाळ्यात तक्रार वहीत एक तक्रार आली. आठवड्यात तीच तक्रार आणखी दोघांनी लिहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेत रात्री अकरापासून दीड-दोनपर्यंत मूल रडतं, आणि रडणं थांबलं की कुणीतरी बेसूर गात बसतं. झोपमोड होते. सोसायटीने कारवाई करावी. कुटुंब भाडेकरू होतं, नुकतंच आलेलं. मी रीतसर पत्र टाइप केलं. ‘विषय : रात्रीच्या वेळी होणाऱ्या आवाजाबाबत.’ शेवटी ‘अन्यथा पुढील कार्यवाही करणे भाग पडेल’ हे वाक्यही होतं. जावक क्रमांक घातला, सही केली, पाकीट बंद केलं. सकाळी वॉचमनकडून पाठवायचं होतं.

त्या रात्री साडेबाराच्या सुमारास मी उठलो. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, हे सगळ्यांच्याच घरी आहे. डक्टमधून आवाज येत होता. आधी मुलाचं रडणं, मग ते हुंदक्यांवर आलं, आणि मग गाणं. हेच गाणं. गाणारा पुरुष होता. सुराचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. तक्रारदारांनी ‘बेसूर’ लिहिलं होतं ते अगदी खरं होतं. पहिलंच कडवं, पुन्हा पुन्हा. मध्ये शब्द अडला की नुसतं गुणगुणायचा आणि पुढचा शब्द सापडला की तिथून धरायचा. बाईच्या तोंडचं गाणं, क्रियापदं बायकी, ती तशीच म्हणत होता. मी उभा राहून ऐकत राहिलो. सवयीने मोजलं. अकरा वेळा झालं.

मागे पत्नी येऊन उभी राहिली होती, मला कळलं नाही. ती म्हणाली, “काय ऐकताय एवढं?” मी म्हटलं, “हेच ते. तक्रार आलेलं.” ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “आपल्या दोघांना मी हेच म्हणायचे. तुम्ही तेव्हा बँकेत असायचात.” टोमणा नव्हता तो. तिने नुसतं सांगितलं. पण मला ते पाकिटासारखं हातात दिल्यागत वाटलं. खरंच, मी असायचो बँकेत. सहामाही क्लोजिंग, इन्स्पेक्शन, दर तीन-चार वर्षांनी बदली. मी घरी यायचो तेव्हा मुलं झोपलेली असायची. त्यांना कोण झोपवतं, किती वेळ लागतो, झोपवणाऱ्याचं काय होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. झोपलेली मुलं मला तयार मिळत होती. ताळेबंद तयार मिळावा, तशी.

आणि तिथे उभं असताना मला त्या गाण्यातला एक लहानसा शब्द पहिल्यांदा ऐकू आला. ‘गं’. इतकी वर्षं कानावर पडत होता. जरा बघा, गाण्याच्या सुरुवातीला ती बाई बाळाशी बोलतच नाही. बाळाशी बोलताना कुणी ‘माझ्या बाळाला आज झोप का येत नसेल’ असं विचारत नाही. ती दुसऱ्या एका बाईशी बोलते आहे. जावेशी, शेजारणीशी, मैत्रिणीशी. ती म्हणते आहे, सगळं जग झोपलंय गं, माझंच तेवढं झोपत नाही. बाळाला चाल ऐकू येते, शब्द त्याला कुठे कळतात? शब्द शेजारणीसाठी आहेत. अंगाई म्हणजे अर्धं बाळाला झोपवणं आणि अर्धं ‘मी एकटी जागी आहे’ हे कुणाला तरी सांगणं. म्हणून ते टिकलं, असं मला वाटतं. कारण रात्री एकटं जागणाऱ्याला सांगावंसं वाटतं, ते १९७७ मध्येही तसंच आणि आजही तसंच. वाड्यात शेजारीण खरीच जागी असायची, ओसरीवरून विचारायची, ‘काय झालं गं?’ इमारतीत ते बोलणं डक्टमध्ये जातं. आणि तिथे ऐकायला कोण? हातात जावक क्रमांक घातलेलं पत्र घेऊन सेक्रेटरी.

सकाळी मी वर गेलो. पाकीट खिशात होतं, ते काढलं नाही. मुलाची आई हॉस्पिटलमध्ये नर्स. रजा संपली आणि लगेच महिनाभर नाइट ड्यूटी लागली. मूल सात महिन्यांचं, आईच्या सवयीचं. वडील दिवसा कारखान्यात. गावाकडून कुणी येऊ शकत नव्हतं. तो गृहस्थ मला बघून उभाच राहिला आणि आधीच माफी मागायला लागला. “साहेब, आवाज होतो हे कळतं मला. मला दुसरं कुठलं गाणं येत नाही हो.” मी काय बोललो ते आठवत नाही. चहा घेतला आणि खाली आलो.

पत्र फाडलं. पण जावक रजिस्टरमधला क्रमांक फाडता येत नाही, हे बँकेत काम केलेल्यांना माहीत आहे. त्या नोंदीसमोर मी लाल शाईने ‘रद्द’ लिहिलं आणि सही केली. ते रजिस्टर अजून ऑफिसच्या कपाटात आहे, नवीन कार्यकारिणीने पाहायला हरकत नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक नोंदी रद्द केल्या, पण ज्यासाठी मला बरं वाटलं अशी ही एकच.

मग मी तिन्ही तक्रारदारांकडे गेलो आणि काय प्रकार आहे ते सांगितलं. दोघे गप्प बसले. तिसऱ्या होत्या आपल्या सोसायटीतल्या एक आजी, एकट्या राहायच्या, तक्रार वहीतलं सर्वांत कडक अक्षर त्यांचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यावरच डाफरल्या, “मग हे आधी विचारायला काय झालं होतं तुम्हाला?” आणि त्याच रात्री काठी टेकत दोन मजले चढून वर गेल्या. पुढे तो महिनाभर त्या एक दिवसाआड जात होत्या. त्यांना झोप येत नसेच, ती आता कामाला लागली. डक्टमधून आम्हाला त्यांचाही आवाज ऐकू यायचा. तो मात्र सुरेल होता. आणि त्या दुसरं कडवंही म्हणायच्या, यशोदेचं. त्या आजी आज आपल्यात नाहीत. वहीत त्यांनी कडक अक्षरात लिहिलेली ती तक्रार मात्र आहे, आणि तिच्याखाली त्यांच्याच अक्षरात दोन शब्द, ‘तक्रार मिटली’.

मंडळी, यशोदा व्हायला आईच असावं लागत नाही, बाईच असावं लागत नाही, नात्यातलंही असावं लागत नाही. जागं असलं की पुरतं. एन. दत्तांच्या त्या दोन सिनेमांचं मी मघाशी म्हटलं ते यासाठी.

आता तुम्ही विचाराल, त्या बाळाचं काय झालं? त्या कुटुंबाने पुढे इथेच फ्लॅट घेतला. ते बाळ आज बावीस-तेवीस वर्षांचं आहे, याच सभागृहात आहे. नाव सांगत नाही, तो लाजेल. पण मघाशी माझ्यासाठी हा माइक खाली करून दिला तो त्यानेच. आणि अजूनही तो रात्री दोनपर्यंत जागाच असतो, असं त्याच्या आईकडून कळतं. म्हणजे अंगाईचा परिणाम कायमस्वरूपी नसतो, हेही नोंदवून ठेवा.

मी स्वतः हे गाणं नातवाला म्हणून पाहिलं. त्याने अर्ध्यातच माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, मोबाइलवर लावा.” मोबाइलवर सुमनताई माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं गातात. पण मी लावलं नाही. त्याचा हात बाजूला केला आणि म्हणत राहिलो. पाचव्यांदा म्हणताना तो झोपला. माझ्या मुलांचं देणं मी नातवाच्या खात्यात भरतो आहे, हे मला कळतं. उशिरा भरलेल्या हप्त्याला दंड लागतो. पण भरणा घेतला जातो, हेही खरं.

शेवटची दोन मिनिटं. गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री पावणेबाराला एक मेसेज आला. ‘कुणाचं बाळ रडतंय? प्लीज कंट्रोल करा.’ खाली सात जणांनी अंगठे दिले. ज्याने लिहिलं त्याला मी दोष देत नाही, त्याला सकाळी सहाची लोकल होती. मीही एके काळी पत्र टाइप केलंच होतं, तेही सहीशिक्क्यानिशी. फक्त इतकंच सांगतो, की त्या वेळी वहीतली तक्रार मला दोन जिने चढून विचारायला लावू शकली. ग्रुपवरचे अंगठे कुणाला कुठे पाठवत नाहीत. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट दोनदा बदलली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, पाणी आलं, सोलर आलं. डक्ट तेवढा तसाच आहे, आणि आवाज त्यातून अजून येतो. तो आला, तर आधी दार वाजवून ‘काय झालं गं?’ किंवा ‘काय झालं रे?’ एवढं विचारा. बाकीचं पत्र सकाळी लिहिता येतं.

माझी पंधरा मिनिटं झाली. सुमनताईंना, कालेलकरांना, एन. दत्तांना नमस्कार. या पंचवीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी या इमारतीत रात्री जागून मुलं झोपवली, सुरात किंवा बेसूर, त्या सर्वांना नमस्कार. त्यांत आमच्या घरच्या बाईंनाही, ज्या समोर दुसऱ्या रांगेत बसून ‘आता पुरे’ अशी खूण करत आहेत.

पोरांनो, चला. जेवायला.